महाबळेश्वरचं स्थलदर्शन : पॉइंट मोजू नका, रस्ते लावून घ्या

महाबळेश्वरहून आलेल्या माणसाला "काय काय पाहिलं?" असं विचारलं की तो आकडा सांगतो. बारा पॉइंट, सोळा पॉइंट. कुठून कोणतं खोरं दिसलं, असं पुढे विचारलं की गाडी अडते. दोष त्याचा नाही. हातात पॉइंटांची यादी पडते आणि ती वरून खाली संपवायचं ठरतं. सकाळी पूर्वेला, अकराला पश्चिमेला, जेवून पुन्हा पूर्वेला. निम्मा दिवस वेण्णा तलावाजवळच्या कोंडीत जातो आणि आर्थर सीटला पोचेपर्यंत ऊन नेमकं डोळ्यांवर आलेलं असतं.

खाली दिलेला क्रम महाबळेश्वरात दोन-तीन रात्री मुक्काम असलेल्यांसाठी आहे. गाडी स्वतःची असो की भाड्याची, क्रम तोच. फक्त पाचगणीत उतरणार असाल तर पायरी ८ आधी वाचा.

## पायरी १ : आधी महिना, मग अपेक्षा

एकाच सहलीत धबधबे, स्वच्छ दऱ्या आणि स्ट्रॉबेरी हे तिन्ही भरघोस मिळत नाही. कोणत्या महिन्यात काय हाती लागतं ते आधी समजून घ्या.

जून ते सप्टेंबर : धो धो पाऊस आणि धुकं. 22 जुलै 2021 च्या सुमारास इथे चोवीस तासांत जवळजवळ 594 मिलीमीटर पाऊस पडला होता, यावरून अंदाज करा. या दिवसांत पॉइंटवर उभं राहिलं तर समोर पांढरा पडदा. पाऊस अनुभवायला जरूर जा, पण स्थलदर्शनाची यादी घरी ठेवून जा.

ऑक्टोबर ते डिसेंबर : माझ्या मते सर्वांत चांगला काळ. हवा धुतलेली, डोंगर हिरवे, लिंगमळ्याच्या धबधब्याला पाणी. दिवाळीची सुट्टी तेवढी टाळा.

डिसेंबर ते मार्च : स्ट्रॉबेरी आणि थंडी. दऱ्या दिसतात, पण गवत पिवळं पडत जातं.

एप्रिल, मे : हवेत धुरळा असतो, लांबचे डोंगर पुसट दिसतात, धबधबे आटतात आणि गर्दी मात्र वर्षातली सर्वाधिक. मे महिन्यात लिंगमळ्याच्या पायऱ्या उतरून कोरडा कातळ पाहून चिडणारी कुटुंबं दरवर्षी भेटतात.

तपासा : तुमच्या तारखांना जोडून शनिवार-रविवार आणि सणाची सुट्टी येते का? येत असेल तर एक दिवस मागेपुढे करा. मंगळवारचं महाबळेश्वर आणि शनिवारचं महाबळेश्वर ही दोन वेगळी गावं आहेत.

## पायरी २ : नकाशा रस्त्यांनी वाचा

सगळं नियोजन याच पायरीवर उभं आहे आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात. महाबळेश्वरच्या पठारावरून निरनिराळ्या दिशांना रस्ते फुटतात. एका अर्धदिवसाला एकच रस्ता धरायचा.

1. क्षेत्र महाबळेश्वर (देवळांचं जुनं गाव, पुढे नुसतं "क्षेत्र")–आर्थर सीट रस्ता. वेण्णा तलावाकडून आत वळतो. पुढे संपतो, त्यामुळे गेलेल्या वाटेनंच परत. क्षेत्र बाजारपेठेपासून सहा-सात किलोमीटर, आर्थर सीट बारा-तेरा.
2. पाचगणी–वाई रस्ता. वेण्णा तलाव, लिंगमळा, अवकाळीकडून केट्स पॉइंट, गुरेघर, पाचगणी आणि पसरणी घाट उतरून वाई. पाचगणी साधारण 19 किलोमीटर, वाई 32.
3. आंबेनळी घाटाचा रस्ता. प्रतापगड साधारण 22 किलोमीटर, पुढे पोलादपूर.
4. तापोळा रस्ता. कोयनेच्या जलाशयाकडे उतरतो. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर, पण वेळ एका तासाहून जास्त.
5. केळघर घाट–मेढा रस्ता. साताऱ्याकडे.
6. गावालगतचे पॉइंट. बॉम्बे पॉइंट, लॉडविक, विल्सन. सकाळ-संध्याकाळच्या मोकळ्या वेळात बसतात.

पहिले दोन्ही रस्ते वेण्णा तलावावरूनच सुटतात. म्हणून सकाळी आर्थर सीट, दुपारी प्रतापगड आणि संध्याकाळी पाचगणी असा बेत आखलात तर कोंडीतून किमान तीनदा जाल.

दुसरी गोष्ट उजेडाची. आर्थर सीटचा कडा पश्चिमेकडे कोसळतो. सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि सावित्रीचं खोरं तळापर्यंत स्पष्ट दिसतं. दुपारी तिथेच डोळे बारीक करून उभं राहावं लागतं. केट्स पॉइंटचं बरोबर उलट. तिथून कृष्णेचं खोरं पूर्वेकडे पसरलेलं दिसतं, त्यामुळे दुपारचं ऊन कामाचं. फोटो चांगले येतात म्हणून नव्हे, मुळात दरी दिसावी म्हणून हा क्रम पाळायचा.

सावध : "एलिफंट हेड" म्हणून दोन जागा दाखवल्या जातात. लॉडविक पॉइंटच्या टोकाचा कडा हा एक आणि केट्स पॉइंटजवळचा, भोकामुळे सोंडेसारखा दिसणारा नीडल होल हा दुसरा. दोन्ही गावाच्या विरुद्ध बाजूंना आहेत. गाडीवाल्याशी बोलताना कोणता ते स्पष्ट विचारा.

## पायरी ३ : निघण्याआधी

ब्रेक तपासून घ्या. पसरणी असो वा आंबेनळी, उतार लांब आहेत. वायपरचं रबर आणि खालचे दिवे बघून घ्या, धुक्यात तेच उपयोगी पडतात. पेट्रोल वाईत किंवा हायवेवर भरून वर चढा.

सुट्टे पैसे सोबत ठेवा. प्रवासी कर, वनखात्याचे नाके, पार्किंग, गडावरचं ताक, सगळीकडे शंभर-दोनशेच्या आतल्या रकमा लागतात आणि रेंज नसली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत. तापोळ्याच्या बाजूला तर ही अडचण हमखास. त्या भागाचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

कपड्यांचं सांगायचं तर, डिसेंबर-जानेवारीत पहाटे विल्सन पॉइंटला नुसत्या स्वेटरनं भागत नाही, वाराच फार. दुपारी वाईला उतरलात की तोच स्वेटर नकोसा होतो. वाई पठारापेक्षा बरीच खाली आहे. पायात चपला नकोत. प्रतापगडाच्या पायऱ्या आणि लिंगमळ्याची उतरण या दोन्हींना पकड असलेले बूट हवेत.

ज्यांना गाडी लागते त्यांना घाटाआधी हलकं खायला द्या. क्रीम घातलेली स्ट्रॉबेरी खाऊन लगेच पसरणी उतरायला काढलेल्या मुलांचं काय होतं ते गाडीच्या सीट सांगतात.

भाड्याची गाडी घेणार असाल तर : स्टँडजवळ टॅक्सीचे ठरलेले दर असतात आणि ते पॉइंटांच्या गटांवर असतात. दर विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा. या गटात नेमके कोणते पॉइंट? प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबणार? आणि माझ्या क्रमानं नेणार का? तिसऱ्याला "नाही" आलं तर दुसरी गाडी बघा. एसटीच्या दर्शन बसची चौकशी स्थानकावर आदल्या संध्याकाळी करा. बस स्वस्त पडते, पण क्रम आणि वेळ त्यांचा.

## पायरी ४ : पोचण्याचा दिवस

सुट्टीच्या शनिवारी पुण्याहून सकाळी आठला निघणं म्हणजे सगळ्यांबरोबर निघणं. सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलात की पसरणी घाटात रांग, पाचगणीत रांग, गुरेघरला रांग आणि शेवटी वेण्णा तलावाशी रांग. पहाटे पाच-साडेपाचला निघा आणि नवाच्या आत वर या. खोली बाराशिवाय मिळणार नसेल तर सामान हॉटेलात टाका आणि बाहेर पडा.

या दिवशी मोठा रस्ता धरू नका. दुपारी विश्रांती, चारनंतर लॉडविक पॉइंट, मग सूर्यास्त, मग बाजार. एवढंच.

सूर्यास्तासाठी सगळे बॉम्बे पॉइंटला जातात. जागा खरंच चांगली आहे, पण सुट्टीत तिथे दरीपेक्षा माणसंच जास्त दिसतात. लॉडविकचं तोंडही पश्चिमेलाच आहे, समोर प्रतापगडाची बाजू दिसते आणि थोडं चालावं लागत असल्यानं गर्दी कमी. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, मे महिन्यात सातच्या. पाऊण तास आधी पोचा. बिंब बुडालं की गाड्या एकदम सुटतात, तेव्हा वीसेक मिनिटं तिथेच बसून राहा. आकाशाचे रंग नंतरच चढतात आणि परतीचा रस्ताही रिकामा मिळतो.

तपासा : दिवस संपण्याआधी हॉटेलात तीन गोष्टी विचारून घ्या. आर्थर सीटचा नाका सकाळी किती वाजता उघडतो, आंबेनळी घाट चालू आहे का आणि सध्या सकाळचं धुकं किती वाजता विरतं.

## पायरी ५ : पहिली सकाळ, आर्थर सीट आणि क्षेत्र

क्षेत्र महाबळेश्वर वाटेत आधी लागतं म्हणून लोक आधी देवळात जातात. इथेच क्रम चुकतो. देवदर्शन, पंचगंगा, फोटो, चहा यात दीड तास जातो आणि आर्थर सीटला पोचेपर्यंत साडेदहा-अकरा. बसेस पण त्याच वेळी येतात. म्हणून देवाला बाहेरूनच हात जोडा, नाका उघडताच थेट रस्त्याच्या टोकाला जा आणि येताना देऊळ करा.

गाडी लावल्यावर पायवाटेनं टोकापर्यंत जायचं. वाटेत टायगर स्प्रिंग, इको, विंडो अशा पाट्या लागतात. जाताना प्रत्येक पाटीशी थांबू नका. आधी टोकाला जा, मोकळी जागा मिळते तेवढ्यात डोळे भरून बघा आणि मग परतीच्या वाटेवर एकेक घ्या. टोकावर उभं राहिलं की एका बाजूला कोकणात उतरणारं सावित्रीचं खोरं आणि मागच्या अंगाला देशाकडचे सपाट माथ्यांचे डोंगर, असा फरक एका जागेवरून दिसतो. कुठलाही एकच पॉइंट पाहायचा असेल तर हाच पाहा.

दरी धुक्यानं भरलेली असली तर परत फिरू नका. पावसाळा सरल्यावर हे धुकं बहुधा उन्हाबरोबर उठतं. अर्धा-पाऊण तास थांबलात तर पडदा वर जाताना दिसतो.

सावध : कड्यावर वाऱ्याचा जोर इतका असतो की हलकी वस्तू खाली टाकली तर वर परत येते. ते बघायला लोक बाटल्यांची झाकणं टाकतात. परत न आलेली झाकणं दरीत पडून आहेत. कठड्यापलीकडे जाऊन फोटो काढण्याबद्दल तर बोलायलाच नको.

माकडं : खाऊची पिशवी हातात दिसली की गेलीच. पिशव्या गाडीत आणि गाडीच्या काचा पूर्ण बंद. मुलांच्या हातात बिस्किटं देऊन चालायला लावू नका.

परतताना एल्फिन्स्टन आणि कॅनॉट हे फाटे लागतात. वेळ असेल तर एल्फिन्स्टन करा, नाहीतर दोन्ही सोडा. मग क्षेत्र. महाबळेश्वराचं मंदिर आणि पंचगंगा एकमेकांना लागून आहेत. पंचगंगेत कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री, सावित्री या पाचांचे प्रवाह गोमुखातून पडतात. इथून बहुतेक जण गाडीकडे वळतात. तुम्ही वळू नका. थोडं पलीकडे कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ आहे. शेवाळलेला दगड, गोमुखातून कुंडात पडणारं पाणी आणि पुढ्यात कृष्णेचं खोरं. गर्दीच्या दिवशीसुद्धा इथे चार-दोनच माणसं असतात. वाट सापडली नाही तर देवळाजवळच्या कुणालाही विचारा.

## पायरी ६ : त्याच दिवशी दुपारी, केट्स आणि लिंगमळा

जेवून अर्धा तास पडा. तीनच्या सुमारास पाचगणी रस्त्याला लागा.

ऑक्टोबर ते डिसेंबर असेल तर आधी लिंगमळा. उतरण आहे आणि तेवढंच चढून यायचं आहे, म्हणून गुडघेदुखीवाल्यांनी वरूनच बघावं. जानेवारीनंतर इथे वेळ घालवू नका. केट्स पॉइंटला चारपर्यंत पोचा. खाली कृष्णेच्या पाण्याचा फुगवटा आणि लांबवर शेतांचे तुकडे दिसतात. नीडल होल दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर.

आता प्रश्न सूर्यास्ताचा. केट्स एका टोकाला, बॉम्बे पॉइंट दुसऱ्या आणि मध्ये वेण्णा तलाव व अख्खं गाव. हिवाळ्यात सव्वाचारच्या आत निघणार असाल तरच तिकडे धावा. नाहीतर सूर्यास्त काल झालाच आहे. आज वेण्णाकाठी कणीस खा.

वेण्णा तलावाबद्दल थोडक्यात. नौकाविहार करायचा तर सकाळी लवकर किंवा आठवड्याच्या मधल्या वारी. रविवारी संध्याकाळी तिकिटाच्या रांगेत जेवढा वेळ जातो तेवढा पाण्यावर मिळत नाही. घोड्यावर बसण्याआधी दर आणि फेरी कुठून कुठपर्यंत हे दोन्ही ठरवा. नुसता दर ठरवला की फेरी आखूड होते.

## पायरी ७ : प्रतापगडाची सकाळ

गडाला पूर्ण सकाळ द्या. साडेसातला निघालात तर नवाच्या आत पायथ्याशी. आंबेनळी घाट उतरून वाडा कुंभरोशीला गडाचा फाटा लागतो, तिथून पुन्हा चढ. गाडी बरीच वर जाते, तरी पुढे चारशेहून जास्त पायऱ्या आहेत. अकरानंतर त्या तापतात.

घाट उतरताना : ज्या गिअरमध्ये हा चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय दाबून धरू नका, जळका वास आला तर बाजूला घेऊन थांबा. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत हातानं खालचा गिअर लावायची सोय असते, ती घरीच शिकून घ्या. वर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. धुक्यात वरचा प्रखर दिवा लावला की उजेड अंगावरच परततो, म्हणून खालचा लावा. आणि चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लुकलुकत ठेवायची सवय सोडा. तुम्ही थांबलात की वळताय हे मागच्याला कळत नाही.

पावसाळ्यात हा घाट शक्यतो घेऊच नका. दरडी पडतात, रस्ता बंद होतो. 28 जुलै 2018 ला याच घाटात बस दरीत कोसळून तीसहून जास्त जण गेले.

गडावर क्रम असा ठेवा. महादरवाजातून आत आल्यावर आधी माचीकडचा बुरूज, कारण तिथे सावली नाही. मग भवानीमाता मंदिर, मग बालेकिल्ल्यावर केदारेश्वर आणि शिवरायांचा अश्वारूढ पुतळा. या पुतळ्याचं अनावरण 30 नोव्हेंबर 1957 ला पंडित नेहरूंनी केलं होतं. उतरताना ताक आणि पिठलं-भाकरी. उलट, खाऊन चढायला गेलात तर बालेकिल्ला हटकून राहतो.

माहिती सांगणारा वाटाड्या घेणार असाल तर पैसे आणि वेळ आधी ठरवा, आणि तो बालेकिल्ल्यापर्यंत येणार का हेही. अर्ध्यातून "पुढे तुम्ही बघून या" म्हणणारेही असतात. अफझलखानाच्या कबरीचा परिसर पर्यटकांना खुला नाही, तिकडे जाण्याचा हट्ट नको.

परतताना वेळ उरला तर दोन जागा. पार गावातला कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल, आणि मध हवा असेल तर मांघर. मांघरला 2022 मध्ये "मधाचं गाव" म्हणून ओळख मिळाली. रस्त्याकडेला बाटलीत मिळणारं काहीतरी गोड घेण्यापेक्षा तिकडे वाट वाकडी करणं बरं.

मुंबईकरांसाठी : येताना एक्स्प्रेसवे–वाईमार्गे आणि जाताना आंबेनळी–पोलादपूरमार्गे असा फेरा करा. प्रतापगड परतीच्या वाटेवरच लागतो, घाट दोनदा करावा लागत नाही. कोरड्या महिन्यांतच, आणि अंधाराआधी पोलादपूर गाठून.

## पायरी ८ : वाई, मेणवली, पाचगणी

हा रस्ता उलटसुलट केल्यानं सर्वांत जास्त लोकांचा दिवस वाया जातो. पाचगणीचं टेबललँड वाटेत आधी लागतं, म्हणून तिथे साडेअकराला चढतात. उघडं पठार, झाडाचं नाव नाही, आणि दुपारचं ऊन.

मुक्कामी परतणार असाल तर आधी थेट वाईला उतरा. सकाळी ढोल्या गणपती आणि नदीचा घाट, मग मेणवली, जमलं तर धोम, जेवण वाईत, आणि चढताना चारच्या पुढे टेबललँड.

घरी परतत असाल तर उलट. सामान गाडीत टाकून सकाळी आठला टेबललँड, ऊन चढायच्या आत खाली, मग वाई. दुपारी देवळाच्या दगडी सावलीत बरं वाटतं.

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटरवर. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि त्यामागे कृष्णेचा घाट. लोक वाडा पाहतात आणि निघतात. घाटावरच्या देवळात टांगलेल्या घंटेखाली जाऊन वर बघा. घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आणि 1707 हे साल आहे. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगिजांकडून आलेल्या घंटांपैकी ही एक. बोटानं हलकं टिचकून पाहा, आवाज बराच वेळ रेंगाळतो. लोलक धरून दणादण वाजवू नका.

धोमला नरसिंहाचं देऊळ आणि कमळाच्या आकाराच्या हौदातला नंदी. वाईहून आठ-नऊ किलोमीटर आत. वेळ ओढाताणीचा असेल तर धोम सोडा, मेणवली सोडू नका.

पाचगणीत टेबललँडशिवाय सिडनी पॉइंट आणि पारसी पॉइंट. दोन्हीकडून कृष्णेचंच खोरं दिसतं, तेव्हा एक पुरे. त्याऐवजी भिलारला जा. 4 मे 2017 पासून हे पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली असतात, पाहिजे ते उचलून ओटीवर बसून वाचायचं. मात्र ती माणसांची राहती घरं आहेत. चपला बाहेर, आवाज कमी, आणि टोळीनं शिरून फोटो काढून पळायचं असेल तर नकोच.

सावध : सुट्टीच्या रविवारी दुपारी तीननंतर गुरेघर ते पाचगणी हा टप्पा रांगत पुढे जातो. घरी परतणाऱ्यांनी दुपारी एकच्या आत पाचगणी ओलांडावी.

## पायरी ९ : जादा दिवस असेल तरच

तापोळा. जलाशय, होड्या, शांतता. सप्टेंबर ते जानेवारी पाणी काठोकाठ असतं. मे महिन्यात ते इतकं ओसरतं की होडीपर्यंत चिखलातून जावं लागतं. जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय होडीत बसू नका, आणि "लागत नाही हो" म्हणणाऱ्याच्या होडीत तर मुळीच नाही. परत निघायला चार-साडेचार. अंधारात या रस्त्यावर वळणावर गवा उभा असू शकतो. तो हॉर्नला घाबरत नाही. दिवे खाली करून थांबा, त्याला जाऊ द्या.

वासोट्याचा किल्ला. तापोळ्याबरोबर जोडू नका. होडी, वनखात्याची परवानगी, जंगलातली खडी चढण आणि संध्याकाळच्या आत परत, असा पूर्ण दिवसाचा ट्रेक आहे. बामणोलीला मुक्काम करून करणं सोयीचं. पावसाळ्यात बंद.

कासचं पठार. नकाशावर तापोळ्याच्या पलीकडेच दिसतं, पण मध्ये कोयनेचं पाणी पसरलंय. केळघर–मेढा–साताऱ्यावरून गेलात तर एका बाजूला साधारण 80 किलोमीटर. फुलं सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, त्यातही पावसाच्या मर्जीवर. हंगामात ऑनलाइन नोंदणी करून जायचं असतं. महाबळेश्वरहून जाऊन-येऊन करण्यापेक्षा परतीला साताऱ्यात एक रात्र काढून सकाळी सातला कास गाठा. बाकीच्या महिन्यांत "फुलांचं पठार" बघायला गेलात तर वाळलेलं गवत दिसेल, तक्रार करायची नाही.

## पायरी १० : परतीची खरेदी

स्ट्रॉबेरी पहिल्या दिवशी घेऊन खोलीत ठेवू नका, शेवटच्या सकाळी घ्या. बाजारपेठेपेक्षा पाचगणी रस्त्यावरच्या शेतालगत ताजी मिळते. खोका घेताना वरचा थर बघून भुलायचं नाही. विक्रेत्यासमोर खोका हातात घ्या आणि तळाचा कागद बघा. ओला, लाल डाग पडलेला असेल तर खालची फळं फुटलेली आहेत. देठाजवळ पांढरी राहिलेली स्ट्रॉबेरी घरी नेऊन पिकत नाही, ती तशीच आंबट राहते. मोठ्या फळापेक्षा मध्यम आणि शेंड्यापर्यंत लाल असलेलं घ्या. देठ तोडू नका, धुऊ नका. गाडीत डिकीत नको, ती तापते. पायाशी, सावलीत, खोक्यावर खोका न चढवता ठेवा.

गाजरं आणि लाल मुळे पाल्यासकट मिळतात. पाला तरतरीत असला की माल त्याच दिवशीचा. चणे मात्र गरम भट्टीवरून उतरताना घ्या आणि पसरणी घाट उतरून झाल्यावरच पुडी फोडा.